खिळ्यावरची एक चप्पल

मी एक जुनी शिडी आहे. जुनी म्हटलं की तुम्ही लगेच वय विचाराल, म्हणून आधीच सांगून टाकते, मित्रांनो. वय मला मोजता येत नाही. मला चौदापर्यंतच आकडे येतात, कारण मला पायऱ्याच चौदा आहेत. त्यातली अकरावी अलीकडे वाळवीने खाल्ली, त्यामुळे आता मी दहावरून एकदम बारावर उडी मारते.

मी एका अंधाऱ्या खोलीत पडून आहे. दाराला बाहेरून कुलूप आहे. माझ्या अंगावर एक गंजका पत्रा, दोन मोडक्या खुर्च्या आणि एका कोळ्याचं भलंमोठं कुटुंब आहे. दाराला खाली बोटभर फट आहे. तिच्यातून उजेड येतो, धूळ येते आणि गल्लीतले आवाज येतात. त्यातल्या एका आवाजासाठी मी दिवसभर कान लावून असते. शिडीला कुठले आले कान, असं म्हणू नका. तोंड नसताना मी एवढं बोलते आहे, तर कानांचं काय घेऊन बसलात?

तो आवाज कुणाचा, ते शेवटी सांगेन. आधी माझ्या जन्माची गोष्ट ऐका.

आमच्या गल्लीत चौदा घरं होती आणि शिडी एकाकडेही नव्हती. कुणाचं कौल सरकलं, कुणाचा पतंग छपरावर अडकला, की टेबलावर पिंप आणि पिंपावर माणूस असा मनोरा उभा राहायचा. एकदा सनईवाले मामा असेच पिंपावरून पडले. पडताना त्यांच्या तोंडात सनई होती, आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यांचा सूर चुकला नाही, असं ते स्वतः सांगत. जमिनीवर पोहोचल्यावर कोणता सूर निघाला, ते मात्र त्यांच्या बायकोने सांगितलं, आणि तो इथे लिहिण्यासारखा नाही.

त्याच दिवशी गल्ली सुतारबाबांकडे गेली. सुतारबाबांचा एक डोळा कायम मिटलेला असे. जन्मभर लाकडाची सरळ रेघ बघून बघून तो मिटूनच राहिला होता. ते म्हणाले, "शिडी करून देतो. लाकूड कुणाचं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बरं," सुतारबाबा म्हणाले, "मग असं करा. घरटी एक दांडा आणा. कसलाही चालेल. उभ्या बाजूंसाठी नळाजवळचं पडलेलं झाड घेऊ, ते तसंही सगळ्यांचंच होतं."

दुसऱ्या दिवशी काय काय आलं म्हणता! कंपाउंडरकाकांनी दवाखान्यातली जुनी कुबडी दिली. मास्तरीणबाईंनी फळ्याच्या घोडीचा पाय दिला. सनईवाल्या मामांनी मोडक्या ढोलाची काठी आणली. शिंप्याने आपला कापड मोजायचा लाकडी गज आणला. तो फार बारीक होता, म्हणून त्याने दोन गज एकत्र धरून दोऱ्याने असे घट्ट बांधले की आजही त्यातला एक वेढा सुटलेला नाही. ती माझी सगळ्यात खालची पायरी. आणि सुईणआजीने आणली पाळण्याची दांडी.

ही सुईणआजी म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारी, ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं. पाळण्याची ती दांडी माझी सातवी पायरी झाली. आता खोटं वाटेल, पण सातवीवर पाय ठेवला की भल्याभल्यांना जांभई यायची. रंगारी तर एकदा सातवीवर उभ्या उभ्या दुपारभर झोपला, आणि जागा झाला तेव्हा भिंत रंगवून झालेली होती. शपथ घ्यायला मला हात नाहीत, नाहीतर घेतली असती.

शिडी तयार झाली आणि खरं भांडण तेव्हा सुरू झालं. ती ठेवायची कुणाकडे?

"आमच्या ओट्यावर जागा आहे," एक म्हणाला.

"म्हणजे आम्ही तुमच्या दाराशी येऊन हात जोडायचे?" दुसऱ्याने विचारलं.

तेव्हा सुतारबाबांनी नळाजवळच्या उघड्या भिंतीत दोन लोखंडी आकडे ठोकले आणि मला त्यांवर आडवी टांगली. शेजारी एक खिळा मारला. म्हणाले, "ही कुणाच्याच दाराशी नाही. ज्याला हवी त्याने न विचारता न्यायची. गल्लीतला असो, परका असो. तो त्याचा हक्क. पण नेताना आपल्या पायातली एक चप्पल या खिळ्याला लावायची."

"चप्पल? भिंतीवर?" मास्तरीणबाईंनी नाक मुरडलं. "काही शोभतं का? टोपी लावा, छत्री लावा."

"बाई, टोपी माणूस विसरतो. छत्री तर विसरण्यासाठीच असते. एका पायात चप्पल घालून माणूस किती लांब जाईल? पायच त्याला सांगेल, शिडी परत ठेव म्हणून."

आणखी एक नियम सुईणआजीने घातला. "वर चढलेल्याने 'धरा!' अशी हाक मारली, की जो कुणी रस्त्याने जात असेल त्याने थांबून खालून शिडी धरायची. कोण चढलंय ते वर बघून ठरवायचं नाही."

एवढंच. कागद नाही, शिक्का नाही. या दोन नियमांवर आमची गल्ली कितीतरी वर्षं चालली.

काय दिवस होते ते, मित्रांनो! मी एका जागी म्हणून ठरत नसे. सकाळी कौलांवर, दुपारी दिव्याच्या खांबाला, संध्याकाळी परत भिंतीवर. माझ्यावरून मांजरं उतरली, नवरदेव चढले, वीजवाले चढले. एकदा फार दाट धुकं पडलं होतं, तेव्हा मला चुकून ढगालाच टेकवलं होतं, आणि रंगारी वर जाऊन ढगाला एक हात देऊनही आला. खिळ्यावर कुणाची चप्पल आहे ते बघून मी कुठे असेन ते गल्ली ओळखायची. "पिवळ्या पट्ट्याची दिसते, म्हणजे शिडी मास्तरीणबाईंकडे." मास्तरीणबाई, म्हणजे नाक मुरडणाऱ्या त्याच, एक पाय अनवाणी टाकत शाळेत जायच्या आणि मुलांना म्हणायच्या, "हसू नका. आज शिडी माझ्याकडे आहे."

मला धरणारे हात मला चढणाऱ्या पायांहून जास्त आठवतात. एक सांगते. सनईवाले मामा आणि कंपाउंडरकाका एकमेकांशी नऊ वर्षं बोलत नव्हते. कारण एक पोपट. पोपट मामांचा, पण तो काकांच्या खिडकीत बसून काकांच्याच आवाजात पेशंटना "उद्या या, उद्या या" म्हणायचा. पेशंट परत जायचे. तर एके दुपारी काका छपरावर चढले होते. वारा सुटला, मी डुगडुगू लागले, आणि काका ओरडले, "धरा!"

रस्त्यावर एकच माणूस होता. मामा.

मामा थांबले. वर पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड केलं आणि मला दोन्ही हातांनी गच्च धरलं. मग मला म्हणाले, "शिडीबाई, वरच्या माणसाला सांगा, डावा पाय घसरतोय."

वरून काका म्हणाले, "शिडीबाई, खालच्याला सांगा, आमचे पाय आम्हाला कळतात."

"सांगा त्याला, कळत असते तर नवव्या पायरीवर असा बगळ्यासारखा उभा राहिला नसता."

"त्याला सांगा, पोपट आवर म्हणावं आधी."

काका उतरेपर्यंत हे असं चाललं. काका जमिनीला लागले, मामांनी हात सोडले आणि दोघं दोन दिशांना गेले. समेट नाही, मिठी नाही, काही नाही. पुढेही ते बोलले नाहीत. पण त्या दिवशी मामांच्या तळव्यांना घाम फुटला होता. तो माझ्या अंगात मुरला आहे. कर्तव्य कशाला म्हणतात ते मला पुस्तकातून नाही, त्या घामातून कळलं. आवडत्या माणसाला कुणीही धरतं हो.

आता ज्यासाठी हे सगळं सांगते आहे, ते ऐका.

दर काही वर्षांनी मतदान यायचं. त्याआधी कचेरीच्या भिंतीवर मतदारांची यादी लागायची. नाव सुटलेलं असेल तर ठरलेल्या दिवशी पाच वाजेपर्यंत अर्ज द्यायचा, आणि अर्जात कोणत्या पानावर, कोणत्या क्रमांकापुढे नाव सुटलं ते लिहायचं. पूर्वी यादी खाली लागे. पण एका वर्षी खळ जरा जास्त चविष्ट झाली आणि एका बकरीने दोन पानं खाऊन टाकली. सत्तर मतदार बकरीच्या पोटात गेले, असं लोक सांगत. ती बकरी त्यानंतर कचेरीच्या पायऱ्यांवर अशा रुबाबात बसायची, जणू निवडून आली आहे. तेव्हापासून यादी उंच, हात पुरणार नाही अशी लावायला लागले. कचेरीला स्वतःची शिडी नव्हती. कारकून येऊन मला न्यायचा, खिळ्याला आपली चप्पल लावायचा आणि काम संपेपर्यंत टेबलाखाली एक पाय लपवून बसायचा. कचेरीचा माणूस म्हणून त्याने कधी सूट घेतली नाही.

सूट घेतली ती आमच्याच माणसाने. शिंप्याने.

शिंपी वाईट नव्हता. हे मी तीनदा सांगेन, कारण तुम्हाला तो वाईट वाटेल. त्याच्या तळपायाला कुरूप झालं होतं. अनवाणी पाऊल टाकलं की तो कळवळायचा. म्हणून एकदा त्याने काय केलं, घरातली एक जुनी, जोडी हरवलेली चप्पल आणून खिळ्याला लावली आणि स्वतःच्या दोन्ही पायांत चपला घालून मला घेऊन गेला. कुणी काही बोललं नाही. कुरूप सगळ्यांना माहीत होतं. पण कुरूप नसलेल्यांनीही ते पाहिलं. पुढच्या महिन्यात खिळ्यावर एक तुटक्या अंगठ्याची चप्पल आली. मग एक लहान मुलाची. मग एक टाच नसलेली. घरोघरच्या निवृत्त चपलांना जणू नवी नोकरी लागली. कुणी मला परत ठेवलं तरी चप्पल तिथेच राही, कारण ती कुणालाच नको होती. शेवटी खिळ्यावर सात चपला लटकू लागल्या, आणि त्या बघून मी कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना.

त्या वर्षी यादी लागली. अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या चार दिवस आधी शिंपी मला घेऊन कचेरीपाशी गेला. गल्ली खाली जमली. शिंप्याने वर चढून एकेक नाव मोठ्याने वाचलं. ज्याचं नाव येई तो खालून "हजर!" म्हणे आणि लोक हसत. सुईणआजी तिथे नव्हती. पलीकडच्या वस्तीत एक बाई अडली होती, आजी चार दिवस तिच्या उशाशी होती. तिचं नाव वाचलं गेलं नाही. पण न वाचलेलं नाव कानाला टोचत नाही, मित्रांनो. सगळे खूश होऊन घरी गेले.

येताना शिंप्याला आठवलं की आपल्या मागच्या छपराचं एक कौल सरकलं आहे. मला आकड्यांवर ठेवण्याऐवजी तो मला आपल्या मागच्या अंगणात घेऊन गेला. कौल बसवलं. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. शिंपी गेला, आणि मी तिथेच भिंतीला टेकून राहिले. त्याच्या दोन्ही पायांत चपला होत्या. पाय त्याला काय सांगणार?

शेवटच्या दिवशी दुपारी आजी परत आली. दमलेली, पण चेहरा उजळलेला. नळावर पाय धुता धुता म्हणाली, "जुळं झालं. दोघंही ठणठणीत. काय रे शिंप्या, यादी वाचलीस म्हणे. माझा नंबर कितवा?"

शिंप्याचं मशीन थांबलं. "तुमचा... असेलच की आजी."

"असेल? तू वाचलंस ना?"

"वाचलं. पण तुमचं नाव वाचल्याचं काही आठवत नाही."

आजीने पदराचं टोक हातात घेतलं. मग चष्मा पुसून म्हणाली, "शिडी आण. मी स्वतः बघते. मी चाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकले ती कशासाठी? अंगठा उठवायचा नव्हता म्हणून. या देशात माझं काय आहे? चार भांडी, एक कात्री आणि एक नाव. ते नाव तरी जागेवर आहे का ते बघू दे."

तीन वाजून गेले होते.

शिंपी आकड्यांकडे धावला. आकडे रिकामे. खिळ्यावर सात चपला. "ही कुणाची? ही कुणाची?" तो एकेक चप्पल हातात घेऊन दारोदार फिरू लागला. कोणी म्हणे, आमची नाही. कोणी म्हणे, आमची होती, पण गेल्या वर्षी. "मी तर परत ठेवली होती," शिंपी शपथेवर सांगत होता, आणि खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखर तसंच वाटत होतं.

आणि मी कुठे होते? त्याच्याच घरामागे, त्याच्यापासून चौदा पावलांवर. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. आयुष्यात मी एवढ्या थापा मारल्या, पण हे खरं सांगते, त्या दुपारी मी हलायचा प्रयत्न केला. वाऱ्याची एखादी झुळूक आली असती तर मी धाडकन पडून आवाज केला असता. पान हललं नाही.

तिकडे कचेरीपाशी लोकांनी टेबलावर टेबल चढवलं. मामा पिंप घेऊन आले. आजी चढायला निघाली तेव्हा मास्तरीणबाईंनी तिला मागे ओढलं. "हात मोडाल! उद्या कुणाची बाळं झेलणार?"

"पाच वाजायला किती अवकाश?" आजी एवढंच विचारत होती.

साडेचार वाजून गेल्यावर शिंपीणकाकू बहिणीकडून परतल्या. वाळत घातलेले कपडे काढायला मागे आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अहो! शिडी शिडी म्हणून गाव डोक्यावर घेतलंत, ही काय तुमच्या पाठीशी उभी!"

शिंप्याने मला खांद्यावर टाकलं आणि धावत सुटला. कुरूप विसरला. मी भिंतीला लागले. आजी चढली. शिंपी खालून धरून उभा. सातव्या पायरीवर आजीचं पाऊल पडलं, तिच्याच पाळण्याच्या दांडीवर, आणि मला वाटलं, आता वेळ जरा झोपून जाईल तर बरं.

आजी अक्षराला अक्षर जोडून वाचत होती. "दोनशे दहा, मास्तरीण... हिची आई किती घाबरली होती. दोनशे अकरा, हा पायाळू. दोनशे बारा, तुझा थोरला भाऊ रे शिंप्या, एवढासा होता, कापसात ठेवला होता त्याला. दोनशे तेरा, तू." ती थांबली. पान वरून खाली, खालून वर पाहिलं. "बाराच्या आणि तेराच्या मध्ये मी असते. दर वेळी असते. सहावं पान. लिही गं, मास्तरीणबाई."

मग तिने खाली पाहिलं. वरून तिला शिंप्याचं डोकं दिसलं, मला धरलेले हात दिसले आणि पाय दिसले.

"दोन्ही पायांत आहेत वाटतं?" ती म्हणाली.

बस, एवढंच. रागाने नाही. शिंप्याने मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि माझ्यावरची पकड घट्ट केली. सगळ्यात खालच्या पायरीला, त्याच्याच गजाला, ती पकड जाणवली. अजून ती तिथे आहे.

अर्ज घेऊन आजी खिडकीशी पोहोचली तेव्हा कारकून खिडकी लावत होता.

"आजी, पाच वाजले."

"तुझं घड्याळ पुढे असेल."

"सह्या झाल्या हो. थैलीला लाख लागली. ती बघा, गाडी वळली."

आजीने वळणाऱ्या गाडीकडे पाहिलं. मग कारकुनाकडे. "तू सुद्धा उशिरा आला होतास रे. चांगला दोन दिवस. मी खिडकी लावली होती का?"

कारकुनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पण गाडी गेलीच होती. आणि आजीच मग त्याच्या पाठीवर थोपटून म्हणाली, "राहू दे. तुझं काही चुकलं नाही. पाच म्हणजे पाच."

मतदानाच्या दिवशी आजी ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांबरोबर शाळेपर्यंत चालत गेली. फाटकाशी थांबली. बायकांची तान्ही मुलं तिने मांडीवर घेतली, आत जाणाऱ्यांच्या पिशव्या सांभाळल्या. कुणी म्हणालं, "आजी, तुम्ही घरी जा ना, कशाला उगाच?" ती म्हणाली, "मुलं घेऊन आत गेल्यावर घाई होते. नीट विचार करून शिक्का मारा. माझ्या वाटचाही विचार करा." संध्याकाळी सगळ्यांच्या बोटांवर शाई होती. आजी नळावर हात धूत होती. तिची बोटं स्वच्छ होती.

त्यानंतर गल्लीची सभा भरली. शिंपी उभा राहिला आणि म्हणाला, "शिडी माझ्याकडे होती. पहिली खोटी चप्पलही मीच लावली होती." मला वाटलं, आता सगळे घरी जातील, त्या सात चपला फेकून देतील आणि पुन्हा पहिल्यासारखं सुरू होईल.

पण लोकांना जेव्हा स्वतःची लाज वाटते तेव्हा ते कुलूप आणतात. समिती झाली. चिटणीस नेमले. चौदा कलमांची नियमावली झाली. शिडी हवी असल्यास दोन दिवस आधी लेखी अर्ज, चिटणिसांची सही, मग किल्ली. खिळ्यावरच्या चपला काढल्या, मला या खोलीत आणलं. सगळ्यांना बरंच वाटलं, मित्रांनो. आता कुणाला अनवाणी चालायला नको होतं, आणि "धरा!" म्हटल्यावर थांबायलाही नको होतं.

आजी एकटी उठून म्हणाली, "अरे, कुलूप चोरासाठी लावतात. आपण काय एकमेकांचे चोर आहोत? चुकलं ते पायात होतं, तुम्ही बेडी शिडीला घालताय."

"आजी, हे शिस्तीसाठी आहे," चिटणीस म्हणाले.

"बरं." आजी भिंतीपाशी गेली. वाकून उजव्या पायातली चप्पल काढली. चांगली, रोजच्या वापरातली. आणि ती खिळ्याला लावली.

"हे काय आता?"

"शिडी जागेवर नाही. म्हणजे कुणाची तरी चप्पल इथे हवी. तुम्हा कुणाची नसेल तर माझी. शिडी परत येईपर्यंत ती माझ्याकडे आहे असं समजा."

पहिल्या वर्षी तीन अर्ज आले. दुसऱ्या वर्षी एक. मग चिटणीस बदलले, त्यांच्यानंतरचेही बदलले, आणि किल्ली कुणाकडे आहे यावर चार सभा झाल्या. शिंपी दरवर्षी अर्ज करायचा, 'शिडी पुन्हा भिंतीवर लावावी.' उत्तर यायचं, किल्ली सापडल्यावर विचार करू. शिंपी गेला त्याला आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत त्याला क्षमा करायचं माझं राहूनच गेलं, कारण दार बंद होतं. शिंपी वाईट नव्हता. हे दुसऱ्यांदा.

आजीचं नाव पुढच्या यादीत आलं, दोनशे बाराच्या लगेच पुढे. ते मला दाराबाहेरच्या गलक्यावरून कळलं. तिने मत दिलं आणि शाईचं बोट साऱ्या गल्लीला दाखवत फिरली म्हणे. मला बघायला मिळालं नाही. या दाराच्या फटीतून बोटं दिसत नाहीत, फक्त पाय दिसतात.

आता तो आवाज सांगते. रोज सकाळी आजी नळावर यायची. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. चट्... आणि मग काही नाही. चट्... आणि मग काही नाही. त्या 'काही नाही'साठी मी जगत होते. लोक विचारत, "आजी, पाय पोळत नाही का?" ती म्हणे, "पोळतो म्हणून तर आठवण राहते." माझ्या दारावरून जाताना ती जरा थांबायची आणि बोटाने दारावर टकटक करायची. कुणाला बाळ झालं, कुणाचं छप्पर गळतंय, सगळं सांगायची. मी मनातल्या मनात ते छप्पर मोजायची, सातवी पुरेल की नववी लागेल.

गेले नऊ दिवस तो आवाज आला नाही.

दोन्ही पायांचे आवाज खूप येतात. चट्चट्, चट्चट्, सगळे घाईत. तो एका पायाचा येत नाही. आजी आजारी असेल. कुठे अडलेल्या बाईच्या उशाशी असेल. मी दहापर्यंत मोजणार आहे. अकरावी तर वाळवीने खाल्ली, त्यामुळे दहाच्या पुढे माझा धीर कसा टिकेल, मला माहीत नाही.

म्हणून मित्रांनो, आज मी थाप मारत नाही. एक काम करा. नळाजवळच्या भिंतीपाशी जा. दोन गंजलेले आकडे दिसतील, शेजारी खिळा दिसेल. त्यावर एक झिजलेली, उजव्या पायाची चप्पल असेल. ती घेऊन गल्लीच्या टोकाच्या घरी जा. दार ठोठावा. आजी असली तर तिच्या पायात ती चप्पल घाला आणि सांगा, आता तुझी पाळी संपली. वाटेत शिंप्याचं दुकान लागेल, तिथल्यांना सांगा की त्यांचा माणूस वाईट नव्हता. हे तिसऱ्यांदा, आणि आता ते तुमच्याकडे दिलं.

पण भिंतीपासून निघताना तो खिळा रिकामा ठेवू नका. तुमच्यापैकी कुणीतरी एक जण आपल्या पायातली, रोजची, चांगली चप्पल तिथे लावा. अनवाणी पायाला गल्ली कशी लागते ते बघा. मग तशाच पावलांनी या दाराशी या आणि मोठ्याने विचारा, "आमची शिडी कुठे आहे?"

मी आतून ऐकत असेन. चट्... आणि मग काही नाही.